शंभर पिल्लं आणि एक पिवळा बल्ब

पुठ्ठ्याचा खोका, आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पंचवीस पिल्लं आणि चहूबाजूंनी भोकं. हॅचरीतून निघालेली शंभर पिल्लं अशीच प्रवास करतात. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या नेरला, म्हणजे जुन्या माणसांच्या नेर परसोपंतला, हा खोका कधी दुचाकीच्या मागे बांधून येतो, कधी एसटीतून, तर कधी सरकारी वाटपातून. खोका उघडला की घरातली पोरं गोळा होतात, म्हातारी पिल्लू तळहातावर घेऊन बघते आणि कर्ता माणूस मनातल्या मनात अंड्यांचा हिशेब मांडतो. सहा आठवड्यांनी त्या शंभरातली किती उरतात, हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही. खरं तर तेव्हाच विचारायला हवा, कारण पिल्लांचं जगणं-मरणं बहुतेक पहिल्या आठवड्यातच ठरतं.

एक दिवसाचं पिल्लू दाण्यापाण्याशिवाय प्रवास करू शकतं, याला कारण आहे. अंड्यातून बाहेर पडण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावून नेतं. ही सोय मुळात कोंबडीच्या रवणीसाठी झालेली. रवणीतली सगळी अंडी एकाच तासाला फुटत नाहीत. आधी आलेल्यांना मागून येणाऱ्या भावंडांसाठी आईच्या पोटाखाली थांबावं लागतं. जगभरचा हॅचरीचा धंदा या दोन दिवसांच्या शिदोरीवर उभा आहे. नवख्याचा घोळही तिथेच होतो. पहिले दोन दिवस पिल्लं टुणटुणीत दिसतात, म्हणून तो निर्धास्त राहतो. ज्यांना दाणा टिपायला आणि पाणी प्यायला जमलेलंच नाही, ती बलक संपल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी माना टाकतात. मग 'रोग आला' म्हणून औषधाच्या दुकानाकडे धाव घेतली जाते. पिल्लं गेलेली असतात उपाशीपोटी.

नेर तालुका काळ्या मातीचा. कापूस, सोयाबीन आणि तूर यांचा. यवतमाळ इथून तीसेक किलोमीटरवर. कोरडवाहू शेतीला जोडधंदा हवा, हे या भागाला गेली वीस-पंचवीस वर्षं जो येतो तो सांगून जातो, आणि जोडधंदा म्हटला की शेळी, गाय, कोंबडी ही तीन नावं पुढे येतातच. गायीचा अनुभव ताजा नसला तरी विसरण्यासारखा नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पंतप्रधान पॅकेज जाहीर झालं. यवतमाळ त्यात होतं आणि दुभती जनावरंही त्यात होती. जास्त दुधाच्या गायी दारात आल्या, पण त्यांच्यापुरता चारा आणि पाणी इथल्या पुष्कळ घरांत नव्हतं. गाय जगवायची की घर, अशा पेचात अनेकांनी ती विकली. जनावर देणं सोपं असतं, ते जगेल अशी व्यवस्था उभी करणं अवघड, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

कोंबडी गायीपेक्षा स्वस्त आणि तिची जागाही थोडी, त्यामुळे तिचं वाटप आणखी सोपं. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात निम्म्या अनुदानावर सुधारित जातीची एक दिवसाची शंभर पिल्लं मिळतात. त्याच कार्यक्रमात आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा दुसरा गटही आहे. पहिल्यांदाच कोंबडी पाळणाऱ्याला विचारलं तर तो शंभराच्या गटावर बोट ठेवतो. आकडा मोठा असतो ना. माझं मत उलटं आहे. ज्याने आधी एकही पिल्लू वाढवलेलं नाही, त्याने तलंगांचा गट घ्यावा. आठ आठवड्यांची तलंग बहुतेक धोक्यांतून पार झालेली असते. तिला ऊब लागत नाही, लसी बऱ्याचशा टोचून झालेल्या असतात आणि मांजर दिसलं तर पळायचं कसं हे ती शिकलेली असते.

पण पिल्लंच आणायची तर आधी कोंबडी काय करते ते बघावं. अंगणातली गावरान कोंबडी खुडूक झाली की घरातली बाई तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवते. जास्त ठेवली तर ती पोटाखाली मावत नाहीत आणि कडेची गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली. धुतलं की कवचावरचं रक्षक आवरण जातं. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे दिवा धरून बघायची जुनी पद्धत आता मोबाइलच्या टॉर्चने चालते. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला, नाहीतर अंडं काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी चोच बाहेर येते. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे तीच कोंबडी एकटी चार जणांचं काम करते. पंखाखाली ऊब देते, पायाने माती उकरून दाणा दाखवते, घार दिसली की वेगळा आवाज काढून सगळ्यांना आडोशाला घेते आणि रात्री एका ठिकाणी बसवते. खोक्यातून आलेल्या पिल्लांना यातलं काहीच नसतं. ते चारही जण आपल्याला व्हावं लागतं.

वनराजा, ग्रामप्रिया किंवा गिरीराजा या कोंबड्या आपसूक रवणीवर बसतील, अशी आशा धरणाऱ्यांची निराशा होते. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या, तर गिरीराजा बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची. वर्षाला शंभराच्या वर अंडी मिळावीत म्हणून या जाती तयार केल्या. गावरान कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंड्यांवर थांबते, कारण मधले आठवडे ती अंडी उबवण्यात आणि पिल्लं सांभाळण्यात घालवते. सुधारित कोंबडीचा तो वेळ आपण अंड्यांकडे वळवला आणि तिचं आईपण गेलं. म्हणून हुशार बाया दोन्ही ठेवतात. अंडी सुधारितची आणि त्यांच्यावर बसायला गावरान. पुढच्या पिढीत मूळ जातीचा जोर उतरतो, पण घरापुरतं भागतं.

आता बल्बकडे येऊ. पिल्लाला अंगची ऊब नसते. अंगावर पिसं येईपर्यंत, म्हणजे साधारण चार आठवडे, ती बाहेरून द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत २१-२२ पर्यंत. एका पिल्लाला एक ते दोन वॅट असा साधा हिशेब आहे. म्हणजे शंभरांना हिवाळ्यात दोनशे वॅट. हे पुस्तकात वाचून माणूस दुकानात जातो आणि एलईडीचा बल्ब घेऊन येतो. उजेड लख्ख पडतो आणि ऊब नावालाही नसते. सकाळी बघावं तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग, वरची जिवंत आणि खालची गुदमरून गेलेली. पिल्लांना हवा तो जुना, तारेचा, हात लावला तर चटका देणारा पिवळा बल्ब. साठ-शंभर वॅटचा असा बल्ब आजही मिळतो, पण त्यासाठी बाजार धुंडाळावा लागतो. तो पिल्लांच्या आधी घरात यायला हवा. आदल्या रात्री लावून, खाली थर्मामीटर ठेवून बघितलं तर पहिल्या रात्रीची धावपळ वाचते.

ढिगाचा प्रकार कोपऱ्यांमुळे होतो. म्हणून पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं करतात. पाच-सहा फूट व्यासाच्या अशा कड्यात दोन-अडीचशे पिल्लं पहिले काही दिवस राहतात. शंभरांना ते ऐसपैस होतं. आत पिल्लं कशी बसली आहेत तेच थर्मामीटरपेक्षा जास्त सांगतं. बल्बखाली घोळका झाला तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर गरम होतं आहे, बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे, तिथे पोतं लावा. सगळीकडे विखुरलेली, काही दाणे टिपणारी, काही पसरून झोपलेली, असं दिसलं की आपणही झोपायला हरकत नाही. 'पिल्लं लय ओरडून रायली वो माय,' असं शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली तर मात्र उठून बघावं. गारठलेलं किंवा भुकेलं पिल्लू गप्प बसत नाही.

रात्री वीज गेली की काय करायचं, याचा विचार शहरातल्या पुस्तकात नसतो. कोळशाची शेगडी सरसकट वापरली जाते आणि ती धोक्याची आहे. बंद खोलीत तिच्यातून निघणारा वायू पिल्लांना मारतो, माणसालाही मारू शकतो. शेगडी ठेवायचीच तर निखारे पुरते लाल झाल्यावर, वरच्या बाजूला हवा जायला जागा ठेवून. त्यापेक्षा गरम पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून कड्यात ठेवणं आणि वरून गोणपाट टाकणं बरं. दोन-तीन तास निभतात. मे महिन्यात सगळंच उलटं होतं. यवतमाळकडचा उन्हाळा ४४-४५ अंशांना जातो. तेव्हा दिवसा बल्बची गरज संपते आणि पत्र्याच्या छपरावर कडबा किंवा तुराट्या टाकून पाणी मारावं लागतं. नवख्याने मे टाळावा आणि ऐन पावसाळाही. दिवाळीनंतर हवा कोरडी असते. रात्री थंड असल्या तरी थंडीवर उपाय आहे, ओलीवर फारसा नाही.

ओल म्हणजे खाली पसरलेल्या भुश्याची ओल. दोन इंच जाडीचा थर हवा. भाताचं तूस या भागात सहज मिळत नाही, ते भंडारा-गोंदियाकडचं. इकडे आरा मशीनचा भुसा मिळतो, पण त्यातला बारीक पिठासारखा भुसा पिल्लं दाणा समजून खातात आणि पोट गच्च होऊन मरतात. सुताराकडची रंध्याची सालपटं चांगली. सोयाबीनचं कुटार चालतं, फक्त ते कोरडं आणि बुरशी नसलेलं पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस भुश्यावर वर्तमानपत्र अंथरायचं आणि दाणे त्यावरच पसरायचे, म्हणजे पिल्लं भुसा न टिपता दाणा ओळखायला शिकतात. तिथून पुढे भुसा रोज हलवायचा आणि पाण्याच्या भांड्याजवळचा ओला झालेला काढून टाकायचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण येते ती या ओल्या भुश्यातून. तिचे जंतू ओलीतच वाढतात.

पिल्लं आली की आधी पाणी, मग दाणा. प्रवासात सुकलेल्या पिल्लांना पहिल्या पाण्यात थोडा गूळ किंवा ग्लुकोज देतात. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवावी. शंभर वेळा वाकायचा कंटाळा करू नये. एकाला कळलं की बाकीची बघून शिकतात, हे खरं, पण न शिकलेली दोन-चार नेहमी उरतात आणि पाचव्या दिवशी तीच मरतात. उघड्या थाळीत पाणी ठेवायचं असेल तर त्यात गोटे टाकावेत, नाहीतर पिल्लं त्यात पडून भिजतात. पाण्यानंतर तास-दोन तासांनी मक्याची भरड. त्या रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा पिल्लं हातात घेऊन मानेखालची गळपिशवी चाचपावी. मऊ, भरलेली लागली तर पिल्लू खातंय आणि पितंय. टणक असेल तर पाणी मिळालेलं नाही. रिकामी असेल तर पिल्लाला काहीच सापडलेलं नाही.

खाद्याच्या बाबतीत नेरच्या शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा गैरसमज त्याच्याच शेतात उगवतो. घरात सोयाबीनची पोती आहेत आणि सोयाबीनमध्ये प्रथिनं आहेत, मग बाजारातलं महाग खाद्य कशाला? कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारा घटक असतो. तो उष्णतेनेच मोडतो. कच्चा सोयाबीन भरडून घातला तर पिल्लं खातात, पण वाढत नाहीत. तेल काढल्यानंतरची, भाजणीतून गेलेली सोयाबीन ढेप चालते. सरकीच्या ढेपेचंही तसंच. गायीला ती दिली जाते म्हणून कोंबडीलाही चालेल, असं नाही. सरकीतलं गॉसिपॉल पिल्लांना बाधतं आणि पुढे अंड्याच्या बलकाचा रंग बिघडवतं. पेरणीचं उरलेलं, औषध चोळलेलं रंगीत बियाणं तर पिल्लांच्या आसपासही येऊ नये. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात याच जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. फवारणी झालेल्या वावरात मेलेले किडे टिपणाऱ्या कोंबडीची नोंद कोण ठेवणार?

पहिल्या चार आठवड्यांसाठी तयार 'चिक स्टार्टर' घ्यावं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. त्यात वीस-बावीस टक्के प्रथिनं असतात. शंभर सुधारित पिल्लांना सहा आठवड्यांत साधारण दीड क्विंटल खाद्य लागतं. हा खर्च पिल्लांच्या किमतीपेक्षा मोठा आहे आणि गणित मांडताना लोक तोच विसरतात. तांदळाच्या कणीवर आणि ज्वारीवर पिल्लू जगतं, पण पिसं उशिरा येतात आणि पिसं उशिरा आली की बल्ब लांबतो. पुढे बाहेर सोडल्यावर मात्र जुनी युक्ती कामाची आहे. फुटक्या मडक्यात शेण, काडीकचरा आणि ओलं पोतं घालून ते रात्रभर जमिनीवर पालथं ठेवायचं. सकाळी त्याखाली उधई लागलेली असते आणि पिल्लं तिच्यावर तुटून पडतात. पावसाळ्यात बुरशी आलेला मका कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्या बुरशीचं विष आधी यकृतावर जातं आणि पिल्लं एकेक करत खंगतात.

रोगांमध्ये गावाला एकाचंच नाव पाठ आहे: मानमोडी. पशुवैद्य त्याला राणीखेत म्हणतात. कुमाऊंतल्या राणीखेतला १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याची नोंद झाली, त्यावरून हे नाव. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, आणि एका घरात शिरला की दोन-चार दिवसांत आळी रिकामी करतो. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या ते आठव्या आठवड्यात देवीची आणि त्यानंतर आर-टू-बी. मॅरेक्सची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी टोचतात. पिल्लं घेताना ती टोचली का, एवढं विचारावं. विकणारा गडबडला तर दुसरा विकणारा शोधावा.

लसीची अडचण निराळीच आहे. शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची कुपी येते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. ज्याच्याकडे पंधरा पिल्लं आहेत त्याने शंभर मात्रांचं काय करायचं? म्हणून तो लस देतच नाही आणि मानमोडी नेमकी त्याच्याच अंगणातून शिरते. आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवला तर एक कुपी सगळ्यांना पुरते. 'उमेद'च्या बचत गटांमधल्या पशुसखी हे काम करू शकतात, अनेक गावांत करतातही. लसी बनवणारी सरकारी संस्था पुण्यात औंधला आहे, पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्यात आहेत. कमी पडतो तो कुपीपासून अंगणापर्यंतचा शेवटचा बर्फाचा डबा.

लसीने न टळणारे धोकेही आहेत. उंदीर झोपलेल्या पिल्लाचा पाय कुरतडतो, मांजर जाळीतून पंजा घालतं, मुंगूस एका रात्रीत पाच-सात मारून एकच नेतो. अर्धा इंची जाळी घ्यावी. कोंबड्यांची जाळी म्हणून मोठ्या भोकांची विकतात, तिच्यातून साप सहज आत येतो. दिवसा घार आणि कावळा. खुराड्यावर जुनी साडी ताणली तरी घार बिचकते.

फसवणाऱ्यांची जातही कमी नाही. जत्रेत गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात ती अंड्याच्या जातीचे नर असतात. हॅचरीला ते नको असतात, म्हणून कवडीमोलाने बाहेर पडतात. तीच न रंगवता 'गावरान' म्हणून दुचाकीवरून दारोदार विकली जातात. ती अंडी देणार नाहीत आणि मांसही फार धरणार नाहीत. त्याहून मोठा धडा २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात मिळाला. कडकनाथची पिल्लं महाग दराने द्यायची आणि अंडी-पक्षी परत विकत घेण्याची हमी द्यायची, अशा योजनेत राज्यभरच्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कडकनाथ जात खरी आहे, झाबुआच्या नावाने तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खोटी होती ती हमी. पिल्लू विकणारा स्वतःच पुढचं गिऱ्हाईक असेल, तर त्या धंद्यात बाजार कुठे आहे हे आधी विचारावं.

आणि एक गोष्ट घाबरवण्यासाठी नव्हे, सवयीसाठी. भारतात बर्ड फ्लूची पहिली मोठी साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला जाहीर झाली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात ती पुन्हा आली. पाच-दहा पक्षी एका दिवसात अचानक मेले तर ते नाल्यात फेकू नयेत, उरलेले घाईने विकू नयेत. दवाखान्यात कळवावं. साधी मानमोडी निघाली तरी कळवल्याने नुकसान काहीच नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशातली परसातली कोंबडी २०१२ च्या तुलनेत जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. लोकांना कोंबडी हवी आहे, याबद्दल शंकाच नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१-२२ पासून ग्रामीण कुक्कुट उद्योगाला, म्हणजे किमान हजार पक्ष्यांचा मूळ गट, हॅचरी आणि पिल्लं वाढवणारं केंद्र यांना मिळून पन्नास टक्के, पंचवीस लाखांपर्यंत अनुदान आहे. यातलं तिसरं, मदर युनिट, नेरसारख्या तालुक्याला सगळ्यात जास्त उपयोगाचं. एका जागी, एका जाणत्या माणसाच्या हाताखाली, बल्ब आणि लसी यांची पक्की सोय असलेल्या शेडमध्ये पिल्लं पाच-सहा आठवडे वाढवायची आणि मगच घरोघर द्यायची. शंभर घरांनी शंभर वेळा तीच चूक करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तालुक्यातल्या एखाद्या बचत गटाने हे मनावर घ्यावं. आणि वाटपाच्या नोंदवहीत 'दिलेली पिल्लं' या रकान्याशेजारी 'सहा आठवड्यांनी जिवंत' असा दुसरा रकाना पंचायत समितीने आखावा. त्याला अनुदान लागत नाही.

तोवर, दिवाळीनंतर पिल्लं आणायचा विचार असेल तर शंभराऐवजी पंचवीस आणा, सगळी एकाच वयाची. तारेचा बल्ब, जाळी, कोरडा भुसा आणि खाद्याचं पोतं आधी घरात येऊ द्या. लसीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि शेजारच्या दोन घरांना त्याच आठवड्यात पिल्लं आणायला सांगा, म्हणजे कुपी वाया जाणार नाही.